दिवस गेले, दिवस भरले

टाइम ऑफिसात बसणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त लागणारा शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी पगार म्हणणार नाही, रजा पण म्हणणार नाही. मी दिवस म्हणेन. कुणाचे किती दिवस भरले, कुणाचे किती गेले, कुणाचा अर्धा धरायचा. हेच करता करता माझे केस पिकले. आणि गंमत बघा, घरात बायकांच्या बोलण्यातही हेच शब्द. बाईला दिवस जातात, मग तिचे दिवस भरतात. शब्द तेच, अर्थ भलताच. एवढ्याशा गोष्टीवरून एका पोरीची नोकरी जायची वेळ आली होती आणि त्यात माझा हात मोठा होता. चूक मात्र माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

मी माहेरची केडगावची, मला दिलं शिरूरला. रांजणगावच्या एमआयडीसीत मोटारींच्या वायरिंगचं काम करणारी आमची कंपनी. गेटमधून आत आलं की उजव्या हाताची पहिली खोली माझी. खोलीवर इंग्रजीत लांबलचक पाटी होती, पण शिफ्टला येणारं कुणीही तिला टाइम ऑफिसच म्हणायचं. कोण आलं, कोण नाही आलं, कुणाची रजा, कुणाचं भांडण, कुणाचा नवरा गेटवर येऊन आरडाओरडा करतोय, सगळं आमच्याकडं. वायरिंगच्या कामाला बोटं नाजूक लागतात म्हणून आमच्याकडं बायका जास्त. आणि बायका जास्त म्हटल्यावर बाळंतपणं जास्त.

ज्यांना या भानगडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाई एखाद्या कंपनीत ठरावीक दिवस कामावर हजर राहिलेली असली की बाळंतपणासाठी तिला साधारण सहा महिन्यांची भरपगारी रजा मिळते. पगार एका मर्यादेच्या आत असेल तर ते पैसे कामगारांच्या सरकारी विम्यातून येतात, वर असेल तर कंपनीच देते. रजेवर असताना तिला कामावरून काढता येत नाही. पहिल्या दोन मुलांना हे असं, तिसऱ्याला रजा कमी. एकदा एक बाई तिसऱ्या वेळी माझ्यापुढं हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "का वो मॅडम, तिसरं काय कमी रडतं का?"

असे नमुने खूप भेटले. बिहारकडचा एक पोरगा बायकोला घेऊन आला. ती आमच्या लाइनवर होती. तो म्हणाला, "मैडम, बच्चा गाँव में होगा तो कंपनी मानेगी क्या?" मी म्हटलं, बच्चा किधर भी होने दो, बस पहले बता के जाओ. तो एवढा खूश झाला की बायकोच्या आधी यानंच आभार मानले. एक नवरा तर दर महिन्याला यायचा आणि विचारायचा, समजा आत्ता झालं तर पगार किती बसेल? शेवटी मी म्हटलं, अरे बाबा, आधी होऊ तर दे.

पण हे सगळं पर्मनंट बायकांचं. पॅकिंगला ज्या पोरी ठेकेदाराकडून यायच्या, त्यांची तऱ्हा वेगळी. आमच्या भागात 'ब्रेक' हा शब्द शाळकरी पोरालाही कळतो. कंत्राटी माणसाला काही महिने कामावर ठेवायचं, मग ब्रेक द्यायचा, मग पुन्हा नव्यानं घ्यायचं, कधी त्याच ठेकेदाराकडून, कधी दुसऱ्याच्या नावानं. कायद्यात कंत्राटी बाईलाही हक्क आहे, विमाही आहे. पण ठेकेदारानं तिचं नाव कधी चढवलं आणि कधी उतरवलं, हे त्या बिचारीला कळायचंच नाही. संगीता नावाची हसरी पोर होती पॅकिंगला. पोट दिसायला लागलं आणि तिचा ब्रेक आला. मी ठेकेदाराशी भांडले, साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि काही झालं नाही. जाताना ती मला म्हणाली, "मॅडम, माझे दिवस भरूनसुद्धा भरले नाहीत बघा." ती हसतच म्हणाली होती. मला फार लागलं ते, आजही लागतं.

म्हणून वैशाली पहिल्यांदा माझ्यापुढं आली तेव्हा मला ती आवडली. न्हावऱ्याची पोर, डिप्लोमा झालेली, क्वालिटी तपासणीच्या जागेसाठी मुलाखतीला आलेली. मुलाखत घ्यायला मी आणि पुण्याहून आलेले एक मोठे साहेब. साहेबांनी शेवटी रिवाजाप्रमाणं विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? सगळी पोरं नाही म्हणतात. ही म्हणाली, "हो. बाळंतपणाच्या रजेचा पगार पूर्ण देता का, आणि परत आल्यावर तीच जागा देता का?"

साहेबांनी तिच्या अर्जाकडं बघितलं. "तुमचं लग्न झालेलं नाही ना?"

"नाही सर. पण होईल. मूल पण होईल. मग ते झाल्यावर विचारू का?"

साहेबांनी मला पंखा बंद करायला सांगितला. पंखा बंदच होता. ती बाहेर गेल्यावर म्हणाले, फारच पुढचा विचार करते ही. मी म्हटलं, सर, आमच्या शिरूरला कांदा लावायच्या आधी विहिरीतलं पाणी बघतात, त्याला कुणी आगाऊ म्हणत नाही. क्वालिटीला असलंच माणूस हवं. साहेब हसले आणि सही केली. हे माझ्या नोकरीतलं एक चांगलं काम, असं मी बिनदिक्कत म्हणते.

वैशाली ट्रेनी म्हणून लागली. ट्रेनीचा काळ संपला की पर्मनंट. तो संपत आला होता आणि तेवढ्यात तिला यवतचं स्थळ आलं. मुलगा अमोल, हायवेला त्याचं मोटारसायकलचं गॅरेज, घरी ऊस, सरळ माणसं. पोरगी मुलाला पसंत, मुलगा पोरीला पसंत. राहिली फक्त चौकशी. आपल्याकडं चौकशी म्हणजे काय, हे मी सांगायला नको. आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं व्हायची, आता कंपनीच्या गेटवर होते.

तर महिनाअखेर. पगाराची गडबड, एका कानाला फोन, समोर कॉम्प्युटरवर हजेरी, आणि दारात पांढरी टोपी, पांढरा पायजमा. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, हे आप्पा यवतवरून आलेत, मुलाचे वडील. क्वालिटीतल्या वैशालीची चौकशी करायचीय."

मी बसा म्हटलं, पाणी दिलं. आप्पा खुर्चीच्या अगदी कडेला बसले. परक्या बाईशी, तेही लग्न न झालेल्या पोरीच्या बाळंतपणाबद्दल बोलायचं, म्हणून बिचारे भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून बोलत होते. हे मला नंतर कळलं.

"न्हाई, म्हंजी पोर चांगलीच हाय," ते म्हणाले. "पर लगीन झाल्यावर उद्या काय, आपलं... दिवसांचं... म्हंजी तसलं काय झालं, तर पगाराचं कसं असतंय तुमच्यात?"

मला वाटलं, लग्नाच्या सुट्ट्यांबद्दल विचारतायत. फोनवर हात ठेवून मी म्हटलं, "आप्पा, आमच्याकडं साधा हिशेब आहे. दिवस भरले की पगार. दिवस गेले की कापला."

"दिवस गेलं की कापता?"

"कापणारच. काम नाही तर पगार कसला?"

"समद्या बायांचा?"

"बाई काय आणि पुरुष काय, नियम सगळ्यांना सारखा."

आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "पुरुषांचा बी?"

"पुरुषांचा तर आधी. त्यांचेच जास्त जातात."

आप्पा उठले, रामराम म्हणाले आणि टोपी सारखी करत निघून गेले. मी पुन्हा फोनला लागले. माणूस जरा विचित्र वाटला, एवढंच.

दोन-तीन दिवसांनी वैशाली माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली. चेहरा लालबुंद. "मॅडम, तुम्ही आप्पांना काय सांगितलंत?"

"काय सांगितलं? पगाराचा नियम सांगितला."

"ते घरी जाऊन सांगतायत, बाई गरोदर राहिली की त्या कंपनीत पगार कापतात. वर पुरुषांचापण कापतात म्हणे. अमोलचा सकाळी फोन आला, मला विचारतोय, पुरुषांना कसे काय दिवस जातात?"

मला आधी कळेना, आणि कळल्यावर मी इतकी हसले की शेजारच्या स्टोअरमधून माणसं बघायला आली. वैशाली पण हसायला लागली. मग हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझं हसू तिथंच थांबलं.

स्थळ मोडलं नव्हतं. पण अट आली होती. दौंडकडच्या एका कंपनीत आप्पांच्या ओळखीच्या ठेकेदारामार्फत जागा होती. घराजवळ, आणि हातात येणारा पगार आमच्यापेक्षा बराच जास्त. इथलं सोड, तिथं लाग, मग सुपारी फोडू, असा निरोप. तिच्या घरचेही म्हणायला लागले होते की पगार जास्त आहे तर अडून काय बसायचं? रविवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला अमोलपण पाहिजे आणि ही नोकरीपण पाहिजे," ती म्हणाली. "तिकडं पगार जास्त आहे, मला दिसतंय ना. पण तो मी कामावर असेपर्यंतच. मला पोर झाल्यावर घरी बसायचं नाहीये मॅडम. आमच्या आईनं माझ्या वेळी कंपनीतलं काम सोडलं, ते कायमचं. ती अजून बोलून दाखवते."

"मग हे तिकडं जाऊन सांगायला पाहिजे."

"फोनवर आप्पा ऐकायचे नाहीत."

"फोन कशाला? रविवारी मला केडगावला भावाकडं जायचंच आहे. तिथून यवत काय लांब आहे? मी घोळ घातला असं त्यांचं म्हणणं असेल तर मीच जाते निस्तरायला."

वैशालीनं डोळे पुसले. "मग मी पण येते."

सुपारी फुटायच्या आधी पोरीनं सासरच्या दारात जायचं म्हणजे आमच्याकडं काय म्हणतील, हे मला माहीत होतं. मी तसं म्हटलंही. तर म्हणते, "मूल मला होणार, नोकरी माझी. मी नको तिथं?"

रविवारी आम्ही दोघी यवतला उतरलो. आप्पांच्या ओट्यावर आम्हाला बघून त्यांची मालकीण आतून पळत आली आणि पदर सावरत म्हणाली, "अगं बया, सूनबाई आधीच आली व्हय!" अमोल गॅरेजमधून आला तो ग्रीसच्या हातांनीच, आणि वैशालीला बघून ते हात लपवत बसला. चहा झाला. मग मी सरळ विषयाला हात घातला.

"आप्पा, आमच्याकडं दिवस गेले म्हणजे माणूस कामावर आलं नाही."

आप्पांनी कान पुढं केला. "म्हंजी खाडा?"

"हो, खाडा."

"आवं मग खाडा म्हणायचं की वो बाई! दिवस गेलं, दिवस गेलं काय? मी एष्टीत बसून सबंध रस्ताभर इचार करतोय, ह्या बाईचं डोस्कं ठिकाणावर हाय का न्हाई!"

मालकीण पदरात तोंड घालून हसत होती. अमोलनं मान वर केली नाही, पण खांदे हलत होते. मी पण सोडलं नाही. म्हटलं, "आप्पा, तुम्ही पण घड्याळाकडं बघून बोलत होता. माझ्याकडं बघून बाळंतपण म्हटला असता तर ही वेळच आली नसती."

"आता परक्या बाईफुडं कसं म्हणायचं ते?" आप्पा लाजले. खरंच लाजले.

मग मी सगळं नीट सांगितलं. सहा महिने भरपगारी, परत आल्यावर तीच जागा. आप्पा ऐकत होते, पण माणूस हिशेबी. म्हणाले, "त्ये बेस हाय. पर ह्यो पगार सहाच म्हयनं. तिकडं दर म्हयन्याला जास्त गावत्यात, वरीसभर. मग जड कोणचं?"

आता मी बोलणार तेवढ्यात वैशाली बोलली. खाली बसलेली होती ती, मालकिणीच्या शेजारी. "आप्पा, तिकडं वरीसभर नाही. मधे ब्रेक असतो. ब्रेक दिला की आधीचं काम धरत नाहीत, सगळं परत पहिल्यापासून. आणि पोट दिसायला लागल्यावर ब्रेक दिला, तर मी कुणाकडं जायचं? ठेकेदार म्हणणार, बाई आमच्याकडं नाही. कंपनी म्हणणार, बाई आमची नाही."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोकं खाजवलं. मग एकदम म्हणाले, "म्हंजी उसाच्या नोंदीसारखंच की."

"कसं?" मी विचारलं.

"आवं, ऊस लावायचा, पाणी द्यायचं, सांभाळायचा. आन् तोडणीच्या टायमाला कारखान्यावर गेलं की नोंदी ठेवणारा चिटबॉय म्हणतोय, आप्पा, तुमची नोंदच न्हाई. ऊस हुबा रानात, आन् तोड न्हाई. माझं झालंय तसं एक साल." त्यांनी मालकिणीकडं बघितलं. "आठवतंय का?"

"न आठवाया काय झालं," मालकीण म्हणाली. "म्हयनाभर जेवला न्हाईत धड."

"मंग ब्रेक म्हंजी नोंद रद्द," आप्पांनी निकाल दिला. "भाव कितीबी जास्त असू दे. नोंदच नसंल तर काय चाटायचाय त्यो भाव?"

मी इतकी वर्षं हे समजावत आले, तक्ते दाखवले, नियम वाचून दाखवले, पण इतकं चोख मला कधी सांगता आलं नव्हतं. मी ते तिथल्या तिथं उचललं आणि पुढं ऊसवाल्यांच्या पोरी मुलाखतीला आल्या की हेच सांगत आले.

मालकिणीचा एक प्रश्न राहिला होता. "सहा म्हयन्यांनी ही कामावर गेली की लेकराला कोण बघंल?"

"कंपनीत पाळणाघर आहे," मी म्हटलं.

"इश्श! घरात आजी असताना पाळणाघर? आमाला काय धाड भरलीय?"

वैशालीनं चटकन तिचा हात धरला. "बघाल ना आत्या? नक्की?" आणि मग अमोलकडं वळून, सगळ्यांच्या देखत, "आणि तू? गॅरेज घराजवळच आहे तुझं."

अमोल म्हणाला, "हात धुऊन घेईन." सगळे हसले. पण त्यानं ते मनापासून म्हटलं होतं, मला दिसलं.

सुपारी फुटली, लग्न झालं. वैशाली आमच्याकडंच पर्मनंट झाली. आमची एक बस यवतवरून चौफुल्यामार्गे यायची, तिच्यात खिडकीची जागा तिची. मूल कधी, ते दोघांनी आपसांत ठरवलं, आणि चांगलं सावकाश ठरवलं. मधे घरच्यांनी टोमणे मारले असतील तर ते तिनं मला सांगितले नाहीत.

मग एक दिवस आप्पांचा फोन. "मॅडम, आमच्या सूनबाईला दिवस गेलं!"

मी म्हटलं, "आप्पा, मग कापू का पगार?"

पलीकडं इतक्या जोरात हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "कापून तर बघा!" म्हणाले.

तिची रजा, तिचा पगार, सगळं वेळेवर झालं. मुलगी झाली. पण एवढ्यावर मी खूश नव्हते. रजा घेऊन गेलेल्या कितीतरी पोरी मी बघितल्यात, ज्या परत आल्याच नाहीत. पगार सहा महिने घरात येतो तोवर सगळे गोड असतात. सातव्या महिन्यात कुणाची सासू आजारी पडते, कुणाचा नवरा म्हणतो आता कशाला, कुणाचं स्वतःचंच मन लेकरात गुंतून बसतं. मी कुणाला नावं ठेवत नाही. पण खरी परीक्षा तेव्हा असते, रजेच्या अर्जाच्या वेळी नसते. आणि योगायोग असा की वैशाली ज्या दिवशी परत हजर व्हायची होती, तोच माझा निवृत्तीचा, कंपनीतला शेवटचा दिवस होता.

सकाळी यवतची बस आली. बायका उतरल्या. वैशाली नव्हती. मी ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, स्टॉपवर थांबलो होतो मॅडम, हॉर्न पण दिला, कुणी आलं नाही.

माझ्यासाठी टेबलावर हार आणून ठेवलेला, पोरी फोटो काढायला बोलावत होत्या, आणि माझं सगळं लक्ष गेटकडं. एवढं सगळं करून शेवटी तेच होणार का? मला रागही आला, तिचा, आप्पांचा, सगळ्यांचाच. शिफ्टची घंटा व्हायला थोडासा वेळ उरला होता.

तेवढ्यात गेटबाहेर एक मोटारसायकल करकचून थांबली. पुढं आप्पा, टोपीवरून गळ्यापर्यंत मफलर गुंडाळलेला. मागं वैशाली, डबा पोटाशी धरून. ती उतरली ती सरळ पळतच आत गेली, माझ्याकडं बघून फक्त हात हलवला. तिचे डोळे रडून सुजले होते.

"नात मांडीच सोडंना झाली," आप्पा गेटवरूनच ओरडले. "आईला बी सोडवंना. बस गेली. म्या म्हणलं, बस जाऊ दे, पर खाडा पडाया न्हाई पायजे पोरीचा! आजी हाय लेकरापाशी, बस गाडीवर!"

मी गेटपर्यंत गेले. सिक्युरिटीवाले, पोरी, हार घेतलेला आमचा शिपाई, सगळे माझ्या मागं. आप्पांनी तो हार बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"मॅडम," ते मोठ्यानं म्हणाले, "तुमचं दिवस भरलं म्हणं?"

माणूस मरायला टेकल्यावर म्हणतात ते भरल्या गेटवर, निरोपाच्या दिवशी! शिपाई तर 'आप्पा, आप्पा' करत पुढं धावला. आप्पांनी स्वतःच जीभ चावली.

मी इतकी हसले की डोळ्यांतलं पाणी कशाचं हे मलाच सांगता येईना.

"भरले, आप्पा," मी म्हटलं. "भरपगारी."

आतून हजेरीच्या मशीनचा आवाज आला. वैशालीचा अंगठा लागला होता.